"झाली हिची नाटकं सुरू"

काल जेवताना काकांनी तोच जुना जोक मारला, आम्ही सगळे खो खो हसलो आणि आमटी वाढत उभी असलेली मावसबहीण, तिचा आधी जबडा सैल पडला, मग मान, मग गुडघेच गेले, भिंतीला घसरत खाली. वाटी ताटात पालथी.

फार तर अर्धा मिनिट. मावशी म्हणाली, "झाली हिची नाटकं सुरू." एकजण तर कांदा आणायला पळाला (कांदा! अजूनही!!)

उठल्यावर ती एवढंच म्हणाली, "बेशुद्ध नव्हते मी, सगळं ऐकू येत होतं. नाटकं पण."

हे रात्रभर डोक्यातून जाईना.

कॅटाप्लेक्सी म्हणतात याला, नार्कोलेप्सी या झोपेच्या आजारातला प्रकार. मेंदूतल्या हायपोक्रेटिन (जागं ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी संपतात, मग स्वप्नं पडताना शरीर जसं ढिलं असतं तसं ते जागेपणी, हसताहसता होतं. ती कॉलेजात लेक्चरला झोपायची तर आळशी ठरली, मग कोणीतरी फिटच्या गोळ्या दिल्या, शेवटी गेल्या महिन्यात स्लीप टेस्ट. रात्रभर वायरी लावून झोप आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली आणि दोनदा तरी पटकन स्वप्नांच्या झोपेत गेलं की नार्कोलेप्सी धरतात. ही ३ मिनिटांत गेली. जागं राहण्यासाठी मोडाफिनिल सुरू झालंय, हसताना पडणं कमी व्हावं म्हणून व्हेनलाफॅक्सिन आता देणार. पूर्ण बरं होत नाही, आटोक्यात राहतं.

आत्ता आठवतंय, जोक सुरू झाला की ती गपचूप हातातलं खाली ठेवायची. काल राहिलं. इतकी वर्षं आम्हाला दिसलं कसं नाही?