एलियनचं म्युझिक, शेवटी पूर्ण

गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, मावसभाऊ पुण्याहून आला आणि बॅगेतून त्यानं एलियन या इंग्रजी पिक्चरच्या म्युझिकची दोन सीडींची पेटी काढून हातात दिली, ऑफिसातलं कुणीतरी अमेरिकेहून येणार होतं त्याला सांगून मागवलेली. घरातले सगळे अक्षता सोहळ्याला निघालेले आणि मी पायरीवर बसून आतली पुस्तिका वाचतोय.

पिक्चर १९७९चा, म्युझिक जेरी गोल्डस्मिथचं. तेव्हाच्या एलपीत पाऊण तासाचंसुद्धा म्युझिक नव्हतं. पूर्ण स्कोअर इंट्राडा या म्युझिक कंपनीनं काढला तो थेट २००७ला, २८ वर्षांनी, आणि गोल्डस्मिथ २००४लाच गेलेला. त्याला हे बघायला मिळायला हवं होतं, मला मनापासून वाटतं.

कारण पिक्चरमध्ये आपण ऐकतो ते सगळं त्यानं ठरवलेलं नाहीच. एडिटिंगच्या वेळी त्याच्याच १९६२च्या फ्रॉइड पिक्चरचे तुकडे तात्पुरते लावले होते, त्यातले काही तसेच राहिले, आणि शेवटच्या टायटल्सचं त्याचं काढून हॉवर्ड हॅन्सन या दुसऱ्याच संगीतकाराची दुसरी सिंफनी टाकली. सुरुवातीचं टायटलही त्यानं आधी वेगळं लिहिलेलं, ट्रंपेटवर एकटीच सुरावट, आभाळाकडे बघून भारावल्यासारखी. दिग्दर्शक रिडली स्कॉटला ते नको होतं मग दुसरं दिलं. पहिल्याला एक दिवस लागला, दुसऱ्याला पाच मिनिटं, हे त्यानंच सांगितलंय. पिक्चरला दुसरंच शोभतं हे मी मान्य करतो, पण ते पहिलं ऐकलं ना, त्या रात्री चार वेळा लावलं मी.

आणि वाद्यं बघा, नागासारखं वळणदार सर्पंट, ऑस्ट्रेलियाचं डिजेरिडू, आणि चक्क शंख! वर इकोप्लेक्स म्हणून टेपचं मशीन, त्यातून आवाज घुमत घुमत लांब जातो. आमच्या पूर्व भागात रात्री लूम चालू असतात, खटक् खटक् ते आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही इतकं अंगवळणी पडलंय, पण त्या रात्री लाइट गेली, स्पीकर बंद, लूमही बंद, आणि गल्ली अशी गप्प झाली की मला पहिल्यांदा कळलं हे म्युझिक एवढं थांबत थांबत का जातं.

लाइट आल्यावर परत लावलं. आई आतून म्हणाली, "एवढ्या रात्री शंख कोण वाजवतंय रे?"

तिला पिक्चर माहीत नाही, कुणी सांगितलंही नव्हतं. बाहेर आली, खुर्ची ओढून बसली आणि तो ट्रॅक संपेपर्यंत उठली नाही.