जिलेबी, तालीम आणि ४२ किलोमीटर

२६ जानेवारीला कोल्हापुरात सकाळी झेंडावंदन आणि पाठोपाठ जिलेबी, हे ठरलेलं. चौकाचौकांत मांडव पडतात, कढया चढतात, माणसं किलोकिलोनं बांधून घरी नेतात. आमच्या पेठेतल्या तालीम मंडळानं त्या दिवसाला आणखी एक गोष्ट जोडली. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे २६ तारीख येईपर्यंत पाय मोकळे झालेले असतात, जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही, पण शर्यत अजून अंगात असते. त्या संध्याकाळी मुंबईला पळून आलेले सगळे तालमीत कुस्तीच्या हौद्याशेजारी सतरंजीवर बसतात आणि एकेक जण आपली शर्यत सांगतो. हाच आमचा मेळावा.

मेळाव्याचा नियम आमच्या वस्तादांनी घालून दिला. पहिल्याच वर्षी एक पोरगा उठला आणि म्हणाला, "चार तास बारा मिनिटं." वस्ताद म्हणाले, "मर्दा, घड्याळ नंतर. आधी रस्ता सांग." तेव्हापासून वेळ शेवटी सांगायची, तीही कुणी विचारली तर. मला हा नियम मनापासून पटतो. वेळ सांगितली की ऐकणारा लगेच आपली वेळ आठवतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करू लागतो. रस्ता सांगितला की तोही पळायला लागतो.

प्रत्येकाचा रस्ता कोल्हापूर स्टेशनापासूनच सुरू होतो, कारण शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला शर्यतीच्या आधी ओळखपत्र घेऊन स्वतः जावं लागतं, म्हणून शनिवार मुंबईत हवाच. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे डब्यात तिळगूळ, गुळाच्या पोळ्या, भडंग यांची रेलचेल. आमच्यातले एक गुळाचे व्यापारी काका दरवर्षी तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन थेट शर्यतीच्या रांगेत उभे राहतात. पहाटेच्या अंधारात, कोण कुठला माहीत नसताना, डाव्या-उजव्या बाजूच्या माणसाच्या हातावर वडी ठेवून म्हणतात, "गोड बोला आणि सावकाश पळा." एका वर्षी त्यांच्या शेजारी पंजाबातले एक आजोबा होते. त्यांनी वडी कपाळाला लावली, मग खाल्ली. काकांनी हे सांगितलं तेव्हा तालमीत टाळ्या पडल्या.

मुक्काम बहुतेकांचा लालबाग-परळकडे नातेवाइकांत. गिरण्यांच्या काळात आपल्या भागातली किती माणसं तिकडे गेली, त्यांची नातवंडं अजून आहेत. एका मावशींनी शनिवारी रात्री भाचा आला म्हणून तांबडा रस्सा केला होता, आणि भाच्यानं शर्यतीच्या आदल्या रात्री फक्त वरणभात मागितला. मावशींची समजूत काढायला त्याला अर्धा तास लागला. रस्सा रविवारी दुपारी संपला, तळाला थेंब उरला नाही, हेही त्यानं मेळाव्यात आवर्जून सांगितलं.

पूर्ण, म्हणजे ४२ किलोमीटरची मॅरेथॉन सुटते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून. ज्या स्टेशनवर आदल्या दिवशी पिशव्या घेऊन उतरलो, त्याच्याच समोर दिव्यांच्या उजेडात हजारो माणसं उभी. ही शर्यत २००४ साली सुरू झाली. निकालात केनिया-इथियोपियाचे धावपटू सगळ्यांच्या पुढे. इथियोपियाच्या हायले लेमी बेरहानूनं २०२३ मध्ये इथं २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा विक्रम केला. आपल्या सुधा सिंग यांनी २०१८ पासून सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिला नंबर काढला. त्याच रस्त्यावर त्याच सकाळी आपणही पळतो. क्रिकेट वेड्यासारखं पाहणाऱ्या माणसाला वानखेडेवर कुणी खेळू देत नाही. मॅरेथॉनमध्ये मात्र आमच्या रंकाळ्यावर पळणाऱ्या शिक्षिका आणि जगातले मोठे धावपटू एकाच डांबरावरून जातात. ही गोष्ट मला दरवर्षी नव्यानं भारी वाटते.

समुद्रावरच्या सी लिंक पुलाबद्दल सगळ्यांत छान सांगितलं ते कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं. ती फार बोलणारी नव्हे. म्हणाली, मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत रस्त्याकडेला कुणी ना कुणी ओरडत होतं, बँड वाजत होते, आणि पुलावर चढल्यावर एकदम सगळं थांबलं. तिथं बघ्यांना सोडत नाहीत. फक्त बुटांचा आवाज, वारा, खाली पाणी, आणि उजाडत होतं. "आईला फोन करावासा वाटला," ती म्हणाली. आई समोरच सतरंजीवर बसली होती. पहिल्या वर्षी मुलीला मुंबईला एकटी पाठवायला हीच आई तयार नव्हती. मंडळातल्या दोन वहिनी घरी जाऊन बसल्या, चहा झाला, आमच्याच डब्यात, आमच्याच शेजारी, असा शब्द दिला, तेव्हा होकार मिळाला.

आता पेडर रोड. याच्यावर मेळाव्याचा निम्मा वेळ जातो आणि जावाच. आम्ही पन्हाळ्याच्या घाटात आणि जोतिबाच्या डोंगरावर तयारी करणारी माणसं. पेडर रोडचा चढ कागदावर बघून नवीन पोरं म्हणतात, एवढंच? जाताना तो कळतही नाही, कारण पाय ताजे असतात. परतीला तोच चढ साधारण पस्तिसाव्या किलोमीटरला समोर येतो. तोवर ऊन चढलेलं असतं आणि मुंबईची दमट हवा घाम वाळू देत नाही. कोल्हापूरच्या जानेवारीत कोरड्या गारव्यात पळायची सवय असलेल्या अंगाला हे फार जड जातं. घामावाटे मीठ जातं, पोटऱ्या धरतात. आमच्यातले एक डॉक्टर दरवर्षी समजावून सांगतात, की शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, म्हणून भूक लागायच्या आधीच थोडं थोडं खात राहायचं.

पण पेडर रोडवर माणसं भेटतात. इमारतींतून खाली उतरलेली, हातात संत्र्याच्या फोडी, केळी, मीठ, गुळाचे खडे घेतलेली. आमच्या बनियनच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत कोल्हापूर लिहिलेलं असतं. ते वाचून कुणीतरी ओरडतंच, "ओ कोल्हापूर, थांबायचं न्हाई!" भाजीचा गाळा चालवणाऱ्या आमच्या एक काकू तिथं चढावर थांबल्या होत्या. पुढं पाऊल टाकवेना. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आली, मिठाची पुडी हातावर ठेवली आणि काकूंचं बोट धरून त्यांच्याबरोबर चढ संपेपर्यंत चालत आली. काकू हे सांगताना थांबल्या. कुणी घाई केली नाही. मग त्या म्हणाल्या, "नाव इचारायचं राहिलं बघा पोरीचं." शर्यतीची मुदत संपायच्या थोडं आधी काकूंनी शेवटची रेघ ओलांडली. मंडळात त्यांच्यापेक्षा तास-दीड तास आधी पोहोचलेले बरेच आहेत, पण मेळाव्यात सगळ्यांत जास्त वेळ ऐकलं गेलं ते काकूंना.

परतीची गाडीही त्याच स्टेशनातून. त्या रात्री खालच्या बर्थला सोन्याचा भाव. वरच्या बर्थवर चढायला दोघांनी खालून आणि एकानं वरून हात द्यावा लागतो, आणि पदक मात्र कुणी गळ्यातून काढत नाही.

सगळ्यांचं झालं की वस्ताद बोलतात. ते कधी मॅरेथॉन पळाले नाहीत, कुस्ती हेच त्यांचं आयुष्य. पण दरवर्षी हेलसिंकी निघतंच. १९५२ च्या त्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं. त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवलं, ही गोष्ट कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये धावपटू एमिल झाटोपेक पाच हजार आणि दहा हजार मीटर जिंकून वर मॅरेथॉनही जिंकला, आणि ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन होती. वस्ताद म्हणतात, "आपला खाशाबा आन् तो, एकाच गावात, एकाच हवेत." मग बेळगावचे फडेप्पा चौगुले निघतात, जे १९२० साली अँटवर्पला ऑलिम्पिकची मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. अंतर पळायची आपल्या भागाला नवी सवय नाही, हे त्यांना पोरांच्या मनात ठसवायचं असतं. पोरांना ही वाक्यं पाठ झालीत, तरी ती मध्येच उठून जात नाहीत.

कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ साली मुंबईत शर्यत नेहमीसारखी झाली नाही. त्या दोन वर्षी आमचा मेळावाही झाला नाही. तालीम बंद होती, आणि आमच्यातली काही माणसं त्या काळात गेली. २०२३ ला पुन्हा जमलो तेव्हा त्यांच्या शर्यती त्यांच्या घरच्यांनी सांगितल्या. एकाच्या मुलानं वडिलांचा जुना बिब आणला होता. तो आता कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे.

अलीकडे पोरांची मागणी आहे की मोठा पडदा लावून सगळ्यांच्या वेळा, मार्गाचा नकाशा, नाडीचे ठोके दाखवावेत. त्यांचं चुकत नाही. आकड्यांवरून पुढच्या वर्षीची तयारी ठरते, आणि काही जण खरंच जोरात पळतात, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. तरी पडदा आधी लागला तर भाजीवाल्या काकू उठून बोलतील का, ही माझी शंका. बैठकीत यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: आधी सगळ्यांनी बोलायचं, शर्यतीत जो सगळ्यांत शेवटी पोहोचला त्यानं सर्वांत आधी. मग जेवणाच्या पंगतीशेजारी पडदा लावायचा, बघायचा त्यानं बघावा. जिलेबी वाढायची जबाबदारी यंदा सगळ्यांत जोरात पळालेल्यांवर टाकली आहे, आणि ते खुशीनं तयार झालेत.