काखेतीतले पुरलेले रांजण

सप्टेंबर सरत आला की जॉर्जियाच्या काखेती प्रांतात रत्वेली सुरू होते, म्हणजे द्राक्षांची तोडणी. तेलावीच्या रस्त्यांवर तेव्हा र्कात्सितेली द्राक्षांनी खच्चून भरलेल्या गाड्या दिसतात. एका अंगाला आलाझानीचं खोरं, पलीकडे कॉकेशसच्या रांगा. पांढऱ्या द्राक्षांची केशरी वाइन जिथे जन्मते तिथेच ती प्यायची, म्हणून मुद्दाम हा हंगाम गाठला होता.

आम्ही उतरलो होतो त्या घरातले आजोबा आधी मारानीत घेऊन गेले. ही वाइनची खोली. आत भांडी अशी दिसतच नाहीत, जमिनीत नुसती गोल तोंडं. खाली गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठाले रांजण, त्यांना क्वेव्री म्हणतात. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो. एका रांजणात रस आंबत होता. सालींचा जाड थर वर तरंगून आला होता आणि आजोबा लांब दांड्याने तो खाली रेटत होते. दर रेट्याला फेस फसफसून वर यायचा, सोबत पिकल्या फळाचा उग्र, गोड दर्प. हे काम दिवसातून अनेकदा करायचं, नाहीतर वरचा थर सुकून बिघडतो.

एरवी पांढऱ्या वाइनसाठी रस काढला की साली बाजूला करतात. इथे साली, बिया, काखेतीत तर देठसुद्धा रसासोबत राहतात. आंबणं थांबलं की तोंड बंद करून रांजण वसंतापर्यंत तसाच ठेवायचा. रंग आणि तुरटपणा सालींतूनच उतरतो. रांजणाचा तळ निमुळता असल्यामुळे बिया खाली जाऊन बसतात आणि वरची वाइन आपसूक निवळते. पश्चिमेकडच्या इमेरेती प्रांतात साली कमी घालतात, म्हणून तिथली वाइन हलकी. मला काखेतीचीच आवडली.

तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा इथे सापडलेल्या खापरांवर सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या वाइनच्या खुणा मिळाल्या आहेत. २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्रीची पद्धत वारसा यादीत घेतली. इटलीतल्या ओस्लाव्हियाच्या योश्को ग्रावनर या वाइन करणाऱ्याने २००१ पासून हेच रांजण वापरायला घेतले आणि जगाचं लक्ष इकडे वळलं. पण सोव्हिएत काळात कारखाने ढीगभर वाइन काढत असताना ज्यांनी घरचा रांजण रिकामा पडू दिला नाही, त्या शेतकऱ्यांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

जवळच अकराव्या शतकातलं अलावेर्दीचं कॅथीड्रल आहे, तिथले साधू आजही क्वेव्रीत वाइन करतात. काखेतीची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली, आणि तिच्या काही अस्थी ऑगस्टिनियन पाद्र्यांनी थेट जुन्या गोव्यात आणल्या. तिथे सापडलेल्या अस्थींचा एक भाग २०२१ मध्ये भारताने जॉर्जियाला दिला. हे आठवलं आणि तो परका प्रांत एकदम ओळखीचा झाला.

संध्याकाळी अंगणात पान मांडलं. वांग्याच्या कापांवर अक्रोड-लसणाचं वाटण, द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेलं मांस. पेल्यात गेल्या वर्षीची वाइन, गडद तांबूस सोनेरी. नाकाला सुकलेलं जर्दाळू, जिभेवर कोऱ्या चहाची तुरट पकड. नुसती प्यायली तर ती जरा करडी लागते. मांसाच्या तुपकट घासानंतर मात्र तोंड लख्ख होतं आणि हात पुन्हा ताटाकडे जातो. तुम्हाला मिळाली तर जेवणासोबतच घ्या, आणि फार गार करू नका. गारठली की वास मिटतो, तुरटपणा तेवढा उरतो.