तुम्ही विचारलंत म्हणून, सुलभक म्हणून जाणं का सोडलं

दर वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची पत्रं आली की हे सुरू होतं, कारण पूर्वी मी सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवणारी, म्हणून जायचे. "मॅडम, यंदा पण तुमचं नाव नाही? तुम्ही तर हाडाच्या सुलभक!" कोणाला वाटतं मानधनावरून बिनसलं, कोणाला वाटतं गुडघे. एका बाईंनी तर तोंडावर विचारलं, मुख्याध्यापकपद हुकलं म्हणून रुसलात का. रुसायला मी काय नवीन नवरी आहे?

2017 ला नववीचं पुस्तक बदललं, 2018 ला दहावीचं, तेव्हा तालुक्याच्या इतिहासाच्या प्रशिक्षणात मीच उभी असायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आपल्या विषयाला एरवी विचारतं कोण? गणिताला माणूस हवा, इंग्रजीला माणूस हवा, आणि इतिहास-भूगोल म्हणजे ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात घाला, चित्रकलेच्या सरांनी सुद्धा आमच्याकडे दोन वर्षं भूगोल शिकवलाय. त्यामुळे वर्षातून चार दिवस का होईना पन्नास इतिहासवाले एका हॉलमध्ये बसतायत आणि मी सांगतेय की नववीचा पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' हा आहे, तो वाचून दाखवायचा धडा नाही, मुलांना मौखिक साधनं गोळा करायला लावा, घरातली जुनी वस्तू आणायला लावा, हे बोलताना मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

तिसऱ्या रांगेत आमच्याच शाळेचा एक नवीन सर बसायचा. शिक्षणसेवक, म्हणजे कायम होण्याआधीची मानधनावरची तीन वर्षं, ती पूर्ण व्हायची होती. तो सगळं लिहून घ्यायचा.

करोनाच्या आदल्या वर्षी मी पर्यवेक्षिका होते आणि त्याच्या पाठाचं निरीक्षण माझ्याकडे होतं. नववी ब, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. मी मागच्या बाकावर जाऊन बसले, हातात नेहमीचा तक्ता: विषयप्रवेश, हेतुकथन, फलकलेखन, वर्गनियंत्रण, वेळेचे नियोजन. फळा कोरा. तारीख सुद्धा नाही. आणि मुलं सगळी मधे गोळा झालेली, कारण एका मुलाने घरून हातोडी आणली होती, त्याच्या आजीने 72 च्या दुष्काळात खडी फोडायला वापरलेली. दांडा बदललेला, लोखंड तेच. ती हातोडी हातोहात फिरत होती आणि सरांच्या मोबाइलवर आजीचं बोलणं चालू होतं. दुष्काळी कामावर वाटपाची सुकडी कशी मिळायची, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी कशी लागायची, पगाराच्या दिवशी मुकादम काय करायचा. एक मुलगी म्हणाली, माझी आजी म्हणते मिलो गोड लागायचा. दुसरा म्हणाला, खोटं, माझे आजोबा म्हणतात ढोरं पण खात नव्हती. यावर भांडण. मग सर म्हणाले, थांबा, दोघांपैकी खरं कोण हे ठरवायचं कसं? आणि जो काही गोंधळ उडाला म्हणता!

मी उठले. अख्ख्या वर्गासमोर म्हटलं, "सर, हा वर्ग आहे की बाजार?"

मुलं जागेवर गेली. कोणीतरी हातोडी टेबलावर ठेवली, तिचा आवाज झाला. सरांनी खडू उचलला, फळ्यावर तारीख लिहिली, खाली 'इतिहासाची साधने' लिहिलं, त्याखाली रेघ मारली. मोबाइल बंद करायचं मात्र ते विसरले, आजी खिशातून बोलतच होती.

तक्त्यात मी 'क' दिला. सही घ्यायला बोलावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतंत." तक्रारीचा सूर नव्हता हो, तो असता तर मला बोलता आलं असतं.

आता माझी बाजू पण ऐका. शेजारच्या वर्गात घटक चाचणी चालू होती. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा, त्यात हातोडीला किती? शाळा तपासणीला आलेला माणूस फळा आणि वह्या बघतो, मुलांचं भांडण बघत नाही. हे सगळं मी तेव्हा स्वतःला ऐकवलं आणि आजही मला ते अगदीच चूक वाटत नाही. पण मग हॉलमध्ये उभी राहून सांगणारी ती कोण होती? तिला जर मी विचारलं असतं की बाई, असा तास तुझ्या शाळेत झाला तर काय करशील, तर तिने पुढची स्लाइड लावली असती.

2022 ला निवडश्रेणीचं, म्हणजे वरच्या पगारश्रेणीसाठी लागणारं, प्रशिक्षण ऑनलाइन केलं, 2000 रुपये भरून. व्हिडिओ चालू ठेवून भाकऱ्या थापल्या, सांगून टाकते, तुम्हीही काय केलंत ते मला माहीत आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला 50 तास आणि मुख्याध्यापकांनाही 50 तास म्हटलंय, त्यांच्यासाठी नेतृत्व, व्यवस्थापन आणि अध्यापनशास्त्र सगळंच. चांगलं आहे. पण मी घेतलेल्या एकाही प्रशिक्षणात कोणी मला हे शिकवलं नाही की इतिहासाचा चांगला तास मागच्या बाकावरून दिसतो कसा. गणिताच्या तासाला आणि इतिहासाच्या तासाला तक्ता एकच. तो बदला असं मी एकदा बैठकीत म्हटलं, तर चहा आला.

म्हणून जात नाही. भीती म्हणा, लाज म्हणा. बरोबर करतेय असं पण नाही, कारण माझ्या जागी जे जातात ते पुस्तकच वाचून दाखवतात असं ऐकते.

दोन वर्षांपूर्वी नावं मागवली तेव्हा मी त्या सरांचं नाव दिलं. आता ते कायम आहेत, तालुक्याला जातात, लोक चांगलं म्हणतात. परवा स्टाफरूममध्ये विचारलं, काय घेता सत्रात? म्हणाले, फलकलेखन आणि वेळेचं नियोजन. मी म्हटलं, आणि ती हातोडी? ते हसले. "मॅडम, दीड तासाच्या सत्रात कुठे बसवू?"