तुम्ही विचारलंत म्हणून: मी मुलींचं वजन का घेत नाही

मी धावणाऱ्या मुलींची कोच आहे. ग्रुपमध्ये नवीन मुलगी आली की पहिल्या महिन्याभरात तिची आई नाहीतर बाबा हा प्रश्न हमखास विचारतात. मॅडम, तुम्ही वजन का घेत नाही, आधीच्या ठिकाणी तर दर आठवड्याला घ्यायचे. विचारण्यात चुकीचं काहीच नाही, काळजीपोटीच विचारतात. मी बहुतेक वेळा "आपल्याला गरज पडत नाही" एवढंच म्हणते, कारण तोवर वॉर्मअप सुरू करायची वेळ झालेली असते आणि ट्रॅकच्या कडेला उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे नाहीये. मागच्या आठवड्यात एका आईने जरा चिडूनच विचारलं, मग तुम्हाला कळतं कसं मुलगी फिट आहे की नाही? म्हणून आज नीट बसून लिहितेय.

मी स्वतः आठशे आणि पंधराशे मीटर पळायचे. आमच्या ग्रुपमध्ये मुलंमुली एकत्रच सराव करायचो, सर एक, ट्रॅक एक, वेळही तीच. भिंतीवर तक्ते मात्र दोन होते. मुलांच्या तक्त्यावर नाव आणि टायमिंग. मुलींच्या तक्त्यावर नाव, मग वजन, मग टायमिंग. त्या वयात मला हे कधी खटकलंच नाही, वाटायचं असंच असतं. दर सोमवारी सकाळी काटा बाहेर काढायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे, मुलं तिथेच बाजूला बसून स्पाइक्स बांधत असायची, आणि वजन वाढलेलं असेल तर सर ओरडायचे वगैरे नाहीत, नुसतं पेन खाली ठेवून बघायचे. मी रविवारी दुपारपासून पाणी बंद करायचे. काट्यावर चढायच्या आधी घड्याळ काढायचे, केसातल्या पिना काढून मैत्रिणीच्या हातात द्यायचे, मग तिचा नंबर आला की तिच्या पिना माझ्या हातात. पिनांचं वजन असून असून किती असणार, पण आम्ही काढायचो.

आणि एक गोष्ट खरी सांगायलाच हवी, पहिले चार-पाच महिने माझं टायमिंग सुधारलं. सगळे कौतुक करायला लागले. म्हणूनच यातून बाहेर पडणं इतकं अवघड असतं, आधी फायदा दिसतो आणि नुकसान मागून येतं, आणि ते येतं तेव्हा त्याचा वजनाशी काही संबंध आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझी पाळी थांबली. सरांना सांगायचा प्रश्नच नव्हता, एका सीनियर मुलीला सांगितलं तर ती म्हणाली अगं बरंच झालं की, शर्यतीच्या दिवसाची कटकट गेली, माझीही वर्षभर नाहीये. चौदा महिने नव्हती मला. मग उजव्या नडगीत दुखायला लागलं, आधी फक्त सरावानंतर, मग जिने चढताना, मग रात्री पडल्यापडल्यासुद्धा. हाडाला बारीक तडा. तो भरून मी परत उभी राहिले आणि सहा महिन्यांत दुसऱ्या पायाला तेच. मला कित्येक वर्षं वाटत राहिलं की माझी हाडंच कच्ची, मीच कमी पडले.

त्याला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. १९९२ मध्येच डॉक्टरांनी या तीन गोष्टी एकत्र मांडल्या होत्या, खेळणाऱ्या मुलींमध्ये कमी खाणं, पाळी बंद होणं आणि हाडं ठिसूळ होणं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ती कल्पना आणखी मोठी केली, त्याला रेड-एस म्हणतात, खेळाडूच्या शरीराला पुरेशी ऊर्जाच न मिळणं. हिशोब साधा आहे. दिवसभरात जे खाल्लं त्यातून सरावात जेवढं जळलं तेवढं वजा करा, उरलेल्यावर बाकी सगळं शरीर चालवायचं असतं. चरबी सोडून शरीराचं जे वजन असतं त्यातल्या दर किलोमागे दिवसाला साधारण ३० कॅलरीसुद्धा उरत नसतील तर शरीर एकेक खातं बंद करायला घेतं. पाळीचं खातं लवकर बंद होतं कारण जगायला ते लगेच लागत नाही. पण पाळीबरोबर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं टिकवण्याचं मोठं काम तेच करत असतं. मुलींच्या हाडांची जवळजवळ ९० टक्के भरती अठराव्या वर्षापर्यंत होऊन गेलेली असते, म्हणजे नेमक्या ज्या वयात आम्ही पिना काढून काट्यावर चढत होतो त्या वयात. हे मुलांनाही होतं बरं का, त्यांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं, तडे त्यांनाही जातात. पण मुलांच्या तक्त्यावर वजनाचा रकानाच नव्हता, हे मी विसरू शकत नाही.

मेरी केन नावाची अमेरिकन धावपटू आहे, २०१३ मध्ये सतरा वर्षांची असताना जागतिक स्पर्धेत पंधराशे मीटर पळाली होती. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की बारीक हो, अजून बारीक हो म्हणून तिच्यावर सतत दबाव होता, तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. मी तो व्हिडिओ पूर्ण बघू शकले नाही, मध्येच बंद केला, मग रात्री परत लावला. देश वेगळा, पैसा आणि सोयी तर कुठल्या कुठे, आणि गोष्ट शब्दाला शब्द तीच. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझी हाडं कच्ची नव्हती.

आठशे मीटरचं अजून एक सांगते, कारण ती माझी शर्यत. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे पळाल्या. जर्मनीच्या लिना राडकेने विश्वविक्रम करून ती जिंकली, फायनलमध्ये नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. तरी पेपरांनी लिहिलं की बायका पटापट कोसळल्या, बघवेना. झालं, त्यानंतर थेट १९६० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये बायकांची आठशे मीटर नाही! जीव तोडून आठशे पळल्यावर माणूस आडवा होतोच हो, कुठल्याही शर्यतीनंतर बघा. पुरुष आडवा झाला की म्हणायचं काय जीव ओतला गड्याने, आणि बाई आडवी झाली की हिला झेपत नाही.

बरं, झेपलं तरी सुटका आहे का. मुलगी सरावाला लागली, खांदे भरले, मांड्या भरल्या, दंडाला आकार आला, की घरातले आणि ओळखीचेच म्हणायला लागतात मुलासारखी दिसायला लागलीस. तेच खांदे भावाला आले तर त्याला शर्ट काढून फोटो काढायला लावतील. म्हणजे मुलीने एकाच वेळी दोन शरीरं सांभाळायची, एक जिंकायचं आणि एक लोकांनी बघायचं, आणि दोन्हींची मापं जुळतच नाहीत. २०१३ मध्ये मारिओन बार्तोलीने विम्बल्डन जिंकलं, आणि त्याच दिवशी रेडिओवर समालोचक बोलत होता ती दिसायला कशी आहे यावर. अमेरिकेची रग्बी खेळणारी इलोना माहेर आहे ना, तिला लोकांनी ऑनलाइन जाड म्हटलं तेव्हा तिने सरळ स्वतःचं वजन सांगितलं, सांगितलं की हो, माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तीसच्या आसपास आहे, पण ऑलिम्पिकला मी चाललेय आणि तुम्ही नाही. नंतर २०२४ ला पॅरिसमध्ये तिच्या टीमने ब्राँझ मिळवलं. बीएमआयचं सूत्र एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने काढलं, त्याला अख्ख्या लोकसंख्येची सरासरी बघायची होती. त्या आकड्याला स्नायू कुठला आणि चरबी कुठली हे कळतच नाही. आणि आपण तो पंधरा वर्षांच्या हॅमर थ्रोवाल्या पोरीला लावतो.

कपड्यांचं तर विचारू नका. जुलै २०२१, बीच हँडबॉलची युरोपियन स्पर्धा. नॉर्वेच्या मुली बिकिनी बॉटमऐवजी आखूड शॉर्ट्स घालून खेळल्या म्हणून त्यांना १५०० युरो दंड. नियमच होता की बिकिनी बॉटमची बाजूची पट्टी १० सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. पुरुषांच्या नियमातही १० सेंटिमीटर होते, पण ते गुडघ्यापासून वर मोजायचे, म्हणजे शॉर्ट्स तिथपर्यंत लांब चालेल. आकडा तोच! आणि त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये ऑलिव्हिया ब्रीन या पॅरा अ‍ॅथलीटला एका अधिकारी बाईंनी सांगितलं की तुझी धावण्याची शॉर्ट्स फारच तोकडी आहे, बरी दिसत नाही. एकीचं कापड जास्त झालं, एकीचं कमी. पाठोपाठ टोकियोला जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली पायाच्या घोट्यापर्यंतचा सूट घालून उतरल्या, त्यांच्या नियमात ते आधीपासून चालत होतं, घालायची हिंमत फारसं कुणी करत नव्हतं. हँडबॉलचा नियम पुढे त्याच वर्षी बदलला. विम्बल्डननेही २०२३ पासून बायकांना पांढऱ्या कपड्यांच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायची परवानगी दिली, कारण पाळीच्या दिवसांत पांढरं घालून खेळताना अर्धं लक्ष मागेच असतं. एवढ्याशा गोष्टीला एवढी वर्षं लागली. माझ्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, स्टार्टला उभी राहीपर्यंत कमरेला जॅकेट बांधून फिरते, कितीही ऊन असो. गन वाजायच्या आधी शेवटच्या सेकंदाला सोडते. तिला कुणी काय म्हटलं होतं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही, पण शर्यतीच्या आधीची ती दहा मिनिटं तिचं डोकं शर्यतीत नसतं हे मला लांबून दिसतं.

यावर लोक म्हणतात, पण मॅडम वजनाचा संबंध असतोच ना खेळात. असतो, नाही कोण म्हणतंय. कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंगमध्ये गटच वजनाचे आहेत, तिथे काटा नियमात आहे आणि तो पुरुषांनाही तेवढाच आहे. विनेश फोगटचं पॅरिसचं सगळ्यांनाच आठवत असेल, ५० किलो गटात फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद, आदल्या रात्रभर घाम गाळून, केससुद्धा कापून. ते आठवलं की मला अजून पोटात कालवतं. अशा खेळात वजन घ्यावंच लागतं, पण ते बंद दाराआड, जाणत्या आहारतज्ज्ञाच्या आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि आकडा त्या मुलीच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. माझ्याकडे धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुली आहेत. त्यांना कुठल्या गटात बसायचं नाहीये.

मग मला कळतं कसं? त्या आईंना हेच सांगायचंय. माझ्याकडे वह्या आहेत, प्रत्येकीची एक. झोप किती झाली, कुठे दुखतंय का, सकाळी उठल्यावर फ्रेश वाटतं की अंग जड, सराव कसा वाटला. पाळीची तारीख ज्यांना लिहायची त्या लिहितात, मी आधी समजावून सांगते कशासाठी लिहायची आणि वही कोण बघणार. तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर आधी डॉक्टर, मग सराव, यात मी कुणाचंच ऐकत नाही, शर्यत तोंडावर असली तरी. एकाच जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर त्या दिवशी पळायचं नाही. आणि टायमिंग तर आहेच की, पण नुसत्या घड्याळावर मी विसंबत नाही, माझंही आधी सुधारलंच होतं.

दुसरा नियम हा की शरीरावर बोलायचं नाही. मी नाही, मुलींनी एकमेकींना नाही, आणि पालकांनी निदान मैदानावर तरी नाही. चांगलंसुद्धा नाही. हे मी चूक करून शिकले. एक मुलगी तापाने दोन आठवडे आली नव्हती, परत आली तेव्हा माझ्या तोंडून गेलं, अरे वा, एकदम फिट दिसतेयस. ती हसली. पंधरावीस दिवसांनी सराव झाल्यावर चपला घालता घालता, वर न बघता म्हणाली, मॅडम, मी आजारी पडल्यावर जास्त चांगली दिसते का? दोन आठवडे तिच्या डोक्यात ते एक वाक्य फिरत होतं आणि ती अर्ध्या पोटी सरावाला येत होती. मला काय बोलावं सुचेना. मी तिची माफी मागितली, तिच्या आईला बोलावून त्यांचीही मागितली. एवढं सगळं भोगून, वाचून, माहीत असून माझ्याच तोंडून ते गेलं, म्हणजे हे किती आत मुरलेलं आहे बघा.

माझं आठशेचं बेस्ट टायमिंग मला आठवतं, पण ती शर्यत आठवत नाही, शेवटचे दोनशे मीटर मी कुठल्या लेनमधून पुढे आले, कुणाला मागे टाकलं, काहीच नाही. त्या वर्षीच्या जानेवारीतल्या चारही सोमवारचे काट्यावरचे आकडे मात्र मला अजून पाठ आहेत, पॉइंटच्या पुढच्या अंकासकट.