बावन्न डॉक्युमेंटऱ्या आणि एक कूलर

जानेवारीत संकल्प करायचाच तर फिरायला जायचा करावा, नागपुरातला अंबाझरी तलाव घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. मी केला डॉक्युमेंटरी पाहायचा. आठवड्याला एक, वर्षाला ५२. त्यात बसून राहायचं होतं, हा त्याचा मोठा गुण. कॅलेंडरवर बायको दुधाचे खाडे लिहिते त्याच्या शेजारी मी पाहिलेल्या फिल्मचा आकडा लिहू लागलो. मार्चअखेर दुधाचे खाडे नऊ आणि फिल्म सात.

या प्रकाराला मराठीत माहितीपट म्हणतात, तिथेच अर्धी गंमत मरते. शब्द ऐकला की वही-पेन घेऊन बसावंसं वाटतं. अनुबोधपट त्याहून अवघड, त्यात बोध आहे. आमच्याकडे सगळे सरळ ‘डाक्युमेंट्री’ म्हणतात, आणि तेही ‘आज काय, डाक्युमेंट्री?’ अशा सुरात, जसं एखाद्याला ‘आज काय, उपास?’ विचारावं.

आईला तर माझा संकल्प कळलाच नाही. तिच्या लेखी हे मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचं प्रकरण. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं टॉकीजवाल्यांना सिनेमाआधी सरकारमान्य फिल्म दाखवावीच लागे, ते परवान्याच्या अटीतच होतं. पूर, धरण, फीत कापणारे मंत्री आणि मागे घोगरा, भारदस्त आवाज. “तेवढ्यात आम्ही जागा पाहून घेत होतो, तुझे बाबा फल्लीदाणे आणत,” आई म्हणाली. म्हणजे दोन पिढ्यांच्या डोक्यात डॉक्युमेंटरी ही उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवलेली सवलत आहे. माझ्याही होती. मग त्याच फिल्म्स डिव्हिजनची १९६७ची ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ पाहिली. एस. एन. एस. शास्त्रींनी १५ ऑगस्ट १९४७ला जन्मलेली मुलंमुली गाठून विचारलं, तुम्ही वीस वर्षांचे झालात, देशही झाला, कसं वाटतं? कुणी स्वप्नं सांगतं, कुणी सरळ म्हणतं की या देशाशी माझं काही देणंघेणं नाही. सरकारच्या पैशाने, सरकारच्याच फिल्ममध्ये! आमचे बाबा तेव्हा बाहेर फल्लीदाणे घेत असणार.

खरं तर वडीलकीचा मान या प्रकाराचाच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याच्या चौदा वर्षं आधी, १८९९मध्ये, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी मुंबईत हँगिंग गार्डनला लागलेली कुस्ती चित्रित केली होती. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो सोहळाही त्यांनी टिपला. म्हणजे आपण आधी डोळ्यांसमोरचं पाहिलं, गोष्ट नंतर सुचली. हे मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, कुस्ती असती तर मीपण पाहिली असती.

तिच्या या बोलण्याला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ कारण होती. शौनक सेन यांची २०२२ची फिल्म, दिल्लीतले दोन भाऊ जखमी घारींवर तळघरात उपचार करतात त्याची. मी तिला ‘पक्ष्यांची आहे’ म्हणून बसवलं. सुरुवातीलाच उंदीर. रात्रीची वेळ, उकिरडा, कॅमेरा जमिनीलगत सावकाश सरकतोय आणि उंदीरच उंदीर. “यासाठी महिन्याचे पैसे भरतोस?” म्हणून ती उठली. मी बसून राहिलो, आणि नंतर काही दिवस माझी मानच वाकडी झाली. भांडेवाडीकडे काम होतं, तिथे कचऱ्याच्या डोंगरावर घारी घिरट्या घालत होत्या. इतकी वर्षं त्या रस्त्याने नाक दाबून गेलो, वर कधी पाहिलं नव्हतं.

पण त्या फिल्मने एक पंचाईत केली. ती हळू आवाजाची आहे, आणि एप्रिल लागला होता. नागपुरात एप्रिल ते जून घरात दुसरं काही ऐकू येत नाही, कूलर ऐकू येतो. सिनेमातला नायक किंचाळतो, त्यामुळे भागतं. पंखाला पट्टी बांधताना घार जी खुसफूस करते ती कूलरपुढे कुठून ऐकू येणार? कूलर बंद केला की आवाज स्वच्छ आणि पाठीवर घामाची धार. पंधरा मिनिटं ऐकायचं, दहा मिनिटं गार व्हायचं, असा मी तो दीड तास काढला. नागपूरकराने चॅलेंज घ्यावं तर पावसाळ्यानंतर घ्यावं.

एक मात्र कूलर लावून पाहवली नाही. दीपा भाटिया यांची ‘नीरोज गेस्ट्स’, पत्रकार पी. साईनाथ यांच्यावरची, विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. मुंबईतल्या एका फॅशन वीकला ५१२ पत्रकार होते, कपडे कापसाचे होते, आणि तो कापूस पिकवणारे विमानाने तासाभरावर जीव देत होते, हे साईनाथांचं म्हणणं मी पूर्वी वाचलं होतं. ‘विमानाने तासाभरावर’ म्हणजे इथे. माझ्या घरापासून. मी त्या काळात याच शहरात होतो, रोज पेपर घेत होतो, पान उलटत होतो. आपल्याच मुलखाची बातमी इंग्रजी फिल्ममधून कळून घ्यायची, यात कुठेतरी लाज आहे. त्या रात्री कॅलेंडरवर आकडा लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी लिहिला, संकल्प शेवटी संकल्प.

आणि मग ‘नॅनुक ऑफ द नॉर्थ’. रॉबर्ट फ्लाहर्टीची, १९२२ची, मूक. सगळे तिला डॉक्युमेंटरीची आजी म्हणतात. बर्फातला नॅनुक, त्याची शिकार, बर्फाचं घर. आजीबद्दल वाचायला गेलो तर कळलं, नॅनुकचं नावच नॅनुक नव्हतं, तो अल्लाकारिअल्लाक. इग्लूच्या आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून फ्लाहर्टीने अर्धंच इग्लू बांधून घेतलं, आणि ती माणसं उघड्या थंडीत झोपण्या-उठण्याचा अभिनय करत होती. ग्रामोफोनची तबकडी पाहून नॅनुक ती चावून बघतो, तेही ठरवून. त्याला ग्रामोफोन ठाऊक होता. मी चिडलो. चार दिवस सगळ्यांना सांगत सुटलो की हे लोक फसवतात.

त्याच आठवड्यात कूलरवाले काका ताट्या, म्हणजे कूलरच्या वाळा भरलेल्या चौकटी, बदलायला आले. दरवर्षी येतात. या वेळी मला वाटलं, आपणच एक काढू, खरी, भेसळ नसलेली. माणूस, काम, हात. काका गच्चीत बसले, जुना वाळा झटकला, चौकटीत नवा भरायला घेतला. वाळा असा मुठीने कोंबायचा नसतो. बोटांनी पिंजून, एकावर एक थर आडवे-उभे. जाड झाला तर हवा येत नाही, पातळ झाला तर पाणी खोलीत उडतं. जाळी लावायच्या आधी ते ताटी उन्हाकडे धरतात आणि तिच्यातून आकाश किती दिसतं ते पाहतात. हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

फोन चालू केला. काकांनी शर्टाची गुंडी लावली, केसांवरून ओला हात फिरवला आणि म्हणाले, “सर्वप्रथम आपण ही ताटी स्वच्छ करत आहोत.”

“काका, नेहमीसारखं बोला ना.”

“नेहमीसारखंच तं बोलून राहिलो!” हे फोन खाली गेल्यावर. वर आला की पुन्हा, “त्यानंतर वाळा व्यवस्थितरीत्या पसरवण्यात येतो.” पसरवण्यात येतो! जन्मभर ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ बोलणारा माणूस कॅमेऱ्यासमोर आकाशवाणी झाला. मी काहीच सांगितलं नव्हतं. फ्लाहर्टीवरचा माझा राग तिथेच जरा सैल पडला.

शेवटी वाळ्यावर पाणी सोडणारा टिल्लू पंप अडकला तेव्हा ते मला विसरले. पंपाला दोन शेलक्या शिव्या दिल्या (त्या फोनमध्ये आहेत, ठेवणार आहे), झाकण उघडून आतली घाण नखाने काढली, प्लग खोचला. पाणी वाळ्यावर पडलं आणि तो पहिला वास आला, ज्यासाठी नागपुरात उन्हाळा सहन करतात. वास काही फोनमध्ये येत नाही. त्याच गडबडीत अंगठा चुकीच्या जागी पडला आणि पंप बसवण्याचा भाग गेला, हे मला नंतर दिसलं.

काका म्हणाले, दाखवा पाहू. चाळीस मिनिटं होती, मी पुढे सरकवायला लागलो तर हात धरला. पक्कड हातात घेऊन, उभ्या उभ्या, सगळं पाहिलं. एवढ्या शांतपणे आमच्या घरात कुणी डॉक्युमेंटरी पाहिलेली नाही.

“पंप लावताना नाही आलं यात,” ते म्हणाले.

“हो, सुटलं.”

त्यांनी थंड हवा फेकणाऱ्या कूलरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “काढून पुन्हा लावू का? काहून की मेन काम तं तेच हाय.”

मी उठून कूलर बंद केला आणि फोन आडवा धरला.