चोर नव्हे त्याची गाडी

'चोर नव्हे त्याची गाडी व्याजावर चालते (४)'

सकाळपासून मी गूढ शब्दकोड्यातल्या या ओळीपुढे बसले होते. चार घरं, शेवटच्या घरात एका उभ्या शब्दातून आलेला 'र'. बैलगाडी, आगगाडी, रणगाडा, सगळं हाकून झालं. शेवटी काकांना फोन लावला.

आमच्या कोडी सोडवणाऱ्या कंपूत थेट उत्तर सांगायचं नसतं. काका म्हणाले, "गाडीला आत्ता हात लावू नकोस. चोर नव्हे तो कोण, ते सांग."

साव! आणि त्याची कार. सावकार. फोन सुरू आहे हेही मी विसरले.

साध्या शब्दकोड्यात शब्द येतो किंवा येत नाही. गूढ कोड्यात तो येत असतोच, पण दिसत नाही. शोधसूत्राच्या, म्हणजे दिलेल्या ओळीच्या, एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या भागात अक्षरांची जुळवाजुळव, आणि सांधा कळू नये म्हणून वाक्य असं घासूनपुसून ठेवलेलं, की आपण ते भाबडेपणाने वाक्य म्हणूनच वाचतो. १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये अशी कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅथर्सने टॉर्केमाडा हे टोपणनाव घेतलं होतं. मूळचा टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली लोकांचा छळ मांडणारा अधिकारी. निदान मॅथर्स प्रामाणिक होता!

एकदा चुकीचं वाचलं की ते वाचन डोळ्यांना चिकटतं. मदत लागते ती तेवढ्यासाठी. काकांना माझ्याहून जास्त शब्द येतात असं नाही. 'कसा गरजतो आत दडून! (३)' यावर ते दोन दिवस सिंहाच्या गुहेत अडकले होते. मी फक्त म्हटलं, "शब्दांमधली मोकळी जागा विसरा." पहिल्या दोन शब्दांच्या पोटातच 'सागर' होता, 'क' आणि 'जतो' यांच्या मधोमध. शिवाय खरोखर गरजणारा.

१९४२ साली 'डेली टेलिग्राफ'ने १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायला बोलावलं. आम्हाला कुणी बोलावणार नाही. १२ मिनिटं तर आमची भांडणातच जातात.

सध्याचं भांडण कान्याचं आहे. इंग्रजीत सुटी अक्षरं हवी तशी पिसता येतात. आपल्याकडे काना अक्षराला धरून राहणार, की त्यालाही मोकळं सोडायचं? काकूंनी रचलेलं सूत्र: 'नवरा बिघडला की फांद्याफांद्यांवर उड्या (३)'. उत्तर, वानर. काका संतापले. "काना 'र'चा होता, तो 'व'वर गेलाच कसा? अक्षरांची अदलाबदल करा, मोडतोड चालणार नाही."

काकूंचं म्हणणं, नवरा एकदा बिघडला की काना-मात्रा जागेवर राहत नाहीत.